‘सरासरीच्या ९६ टक्के पाऊस’ म्हणजे नेमकं काय? गिल्बर्ट वॉकर यांची गोष्ट आणि तुमच्या मोबाईलवरचा हवामानाचा नकाशा

दरवर्षी एप्रिलच्या मध्यावर एक बातमी मोबाईलवर फिरायला लागते: यंदा मान्सून सरासरीच्या अमुक टक्के. कुणी त्याचा स्क्रीनशॉट स्टेटसला ठेवतं, कुणी गावच्या ग्रुपवर टाकतं. ऑगस्टमध्ये पावसाने दडी मारली की तोच स्क्रीनशॉट हसण्यासाठी परत बाहेर येतो. हवामान खात्याला नावं ठेवणं तसं सोपं आहे. पण तो आकडा कुठून येतो, तो कशाबद्दल बोलतो आणि कशाबद्दल बोलतच नाही, हे फार कमी जणांना माहीत असतं.

मला हे नकाशे खऱ्या अर्थाने समजले ते एका माणसाचं आयुष्य वाचताना. त्याचं नाव सर गिल्बर्ट वॉकर. एल निनोची बातमी आली की त्यामागे या माणसाचं काम असतं, पण आपल्याकडे त्याचं नाव कुणी फारसं घेत नाही. म्हणून या लेखात त्यांची गोष्ट सांगतो, आणि जाता जाता नकाशा कसा वाचायचा तेही. उदाहरणाला माझं गाव घेतो: चिखला, तालुका तुमसर, जिल्हा भंडारा. जमिनीखाली शंभर वर्षांहून जुनी मँगनीजची खाण आणि वर धानाच्या बांध्या. पावसाचा अंदाज दोघांनाही लागतो. रोवणीला पाणी हवं असतं आणि खाणीतून ते उपसावं लागतं.

बूमरँग फेकणारा गणिती

वॉकर यांचा जन्म १४ जून १८६८ चा, इंग्लंडमधल्या रॉचडेल गावचा. वडील इंजिनिअर होते. मुलाला गणिताची आवड, त्यातही गरगर फिरणाऱ्या वस्तूंच्या गणिताची. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात ते शिकले आणि १८८९ साली गणिताच्या पदवी परीक्षेत अख्ख्या विद्यापीठात पहिले आले. पुढे तिथेच शिकवायला लागले.

फेकलेलं बूमरँग परत का येतं, याचं गणित त्यांनी मांडलं. नुसतं कागदावर नाही, ते स्वतः मैदानात जाऊन फेकायचे. त्यामुळे मित्रांनी त्यांचं नावच ‘बूमरँग वॉकर’ ठेवलं. बासरीची रचना, पक्ष्यांचं पंख न हलवता तरंगणं, असे त्यांचे बाकीचे विषय.

यात हवामान कुठेच नाही, हे लक्षात घ्या. ते हवामानशास्त्र शिकलेले नव्हते. तरी १९०४ च्या सुरुवातीला, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, ते भारताच्या हवामान खात्याचे प्रमुख झाले. हे कसं घडलं ते कळायला आधीची पंचवीस-तीस वर्षं बघावी लागतात.

दुष्काळ आणि चुकलेला अंदाज

भारतीय हवामान खातं सुरू झालं १८७५ साली. पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड. ते मुळात भूगर्भशास्त्रज्ञ होते. खाणीच्या गावातल्या माणसाला हे ऐकून जरा बरं वाटतं! खातं उभं राहतंय तोच १८७७ चा पावसाळा कोरडा गेला. १८७६ ते १८७८ च्या त्या दुष्काळात लाखो माणसं मेली. पाऊस येणार की नाही हे आधी सांगता येईल का, असा प्रश्न सरकारने खात्याला विचारला.

ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातल्या बर्फाकडे बघितलं. हिवाळ्यात आणि वसंतात बर्फ जास्त पडला की पुढचा मान्सून कमजोर राहतो, असा त्यांचा अनुभव होता. त्यावरून ४ जून १८८६ ला त्यांनी मान्सूनचा पहिला अधिकृत दीर्घकालीन अंदाज दिला. त्यांच्यानंतर आलेल्या जॉन इलियट यांनी बर्फाबरोबर समुद्रावरच्या आणि दूरच्या देशांतल्या हवेच्या परिस्थितीचाही विचार सुरू केला. त्यांचे अंदाज लांबलचक आणि छातीठोक असत.

मग आलं १८९९. इलियट यांचा अंदाज चांगल्या पावसाचा होता. झालं उलटं. पाऊस गेला आणि देशाच्या मोठ्या भागात भीषण दुष्काळ पडला. आपला भंडारा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात होता. त्या प्रांताने १८९६-९७ चा दुष्काळ नुकताच सोसला होता, त्यावर हा दुसरा. अंदाजावर एवढी टीका झाली की मधली काही वर्षं तो जनतेसाठी छापलाच जात नव्हता, सरकारी कागदांत गोपनीय ठेवला जायचा.

निवृत्तीच्या वेळी इलियट यांच्या लक्षात आलं होतं की अनुभवी नजर पुरेशी नाही. हा आकड्यांचा गुंता आहे आणि तो सोडवायला गणिती लागेल. म्हणून वॉकर.

वॉकर यांच्या खुर्चीचं वजन इथे समजतं. इंग्लंडमध्ये अंदाज चुकला तर लोक भिजतात. इथे चुकला तर लोक उपाशी मरतात, हे सगळ्यांनी नुकतंच बघितलं होतं.

शिमल्यातले कारकून, म्हणजे त्या काळचा कॉम्प्युटर

खात्याचं मुख्यालय तेव्हा शिमल्याला होतं. देशभरच्या केंद्रांवरून हवेचा दाब, तापमान, वारा, पाऊस यांच्या नोंदी तारेने तिथे यायच्या. वॉकर यांनी आधी एक गोष्ट मान्य केली: मान्सून का बदलतो याचा पक्का सिद्धांत आज कुणाकडे नाही. मग निदान आकडे काय सांगतात ते बघू. जगात कुठेही असं काही घडतं का, जे बघून पुढच्या पावसाळ्याबद्दल काही सांगता येईल?

त्यासाठी त्यांनी वापरलं सहसंबंधाचं गणित. साधं उदाहरण घ्या. पाऊस वाढला की छत्र्यांचा खप वाढतो. दोन्ही अगदी बरोबरीने वाढत असतील तर त्यांचा सहसंबंध १. एक वाढताना दुसरं नेमाने घटत असेल तर उणे १. काहीच नातं नसेल तर शून्याच्या आसपास. वॉकर यांनी जगभरातल्या केंद्रांचा दाब, तापमान आणि पाऊस घेतला, कधी त्याच काळातला तर कधी एक-दोन ऋतू आधीचा, आणि प्रत्येकाचा भारताच्या पावसाशी सहसंबंध काढायला घेतला. कॉम्प्युटर नव्हता. भारतीय कारकून कागदावर बेरजा, गुणाकार, वर्गमुळं करत बसायचे. आज लॅपटॉपवर क्षणात होतं ते काम वर्षानुवर्षं चाललं.

आणखी एक महत्त्वाची गोष्ट त्यांनी केली. अख्ख्या भारताचा एकच आकडा फार कामाचा नाही हे ओळखून त्यांनी देशाचे मोठे भाग पाडले: वायव्य भारत, द्वीपकल्प, ईशान्य भारत. ज्या भागांचा पाऊस साधारण एकत्र कमी-जास्त होतो, त्यांचा अंदाज वेगळा द्यायचा.

आता मोबाईलकडे वळू. आज हवामान खातं देशाचे ३६ उपविभाग धरतं. महाराष्ट्रात चार: कोकण आणि गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा, विदर्भ. चिखला विदर्भात येतं. टीव्हीवर महाराष्ट्रात मुसळधार अशी पट्टी फिरते तेव्हा पहिला प्रश्न हा विचारायचा की कुठल्या उपविभागात. मुंबई बुडत असताना आमच्याकडे पऱ्हे पिवळे पडत असतात, असं कितीदा तरी होतं.

आकड्यांनीच फसवू नये म्हणून

वॉकर यांच्या आयुष्यातला मला सर्वात आवडणारा भाग हा आहे. सहसंबंध शोधायला निघालं की ते सापडतातच! खरे नसले तरी.

करून बघा. शंभर मित्रांना पुढच्या पाच सामन्यांची नाणेफेक कोण जिंकेल ते ओळखायला सांगा. पाचही बरोबर यायची शक्यता बत्तीसात एक. म्हणजे शंभरातून साधारण तिघांचे पाचही अंदाज बरोबर निघतील. त्या तिघांना काही दिव्यदृष्टी नसते. पण तुम्ही उरलेल्या सत्त्याण्णव जणांना विसरलात आणि या तिघांचाच व्हिडिओ बघितलात, तर सहाव्या सामन्याला तुम्ही त्यांच्यावर पैसे लावाल.

वॉकर यांच्यापुढे हाच धोका होता. शेकडो ठिकाणांचे आकडे तपासले की त्यातले काही निव्वळ योगायोगाने पावसाशी जुळणार. १९१४ साली त्यांनी याचं गणितच मांडलं: इतक्या जोड्या तपासल्या तर योगायोगानेही सर्वात मोठा सहसंबंध केवढा येऊ शकतो. आपल्याला सापडलेला त्याहून ठळकपणे मोठा असेल तरच त्याला नातं म्हणायचं.

ही कसोटी त्यांनी लोकप्रिय समजुतींनाही लावली. सूर्यावरच्या डागांवरून पाऊस सांगता येतो, असं तेव्हा अनेक मोठे लोक मानत. हा प्रश्न आपल्याकडेही होता. टिळकांचे गणिताचे गुरू केरो लक्ष्मण छत्रे यांनी डागांचा हवामानाशी काय संबंध आहे याचा अभ्यास केला होता. वॉकर यांनी आकडे तपासले. नातं फार कमजोर निघालं, अंदाजाला उपयोगी पडेल असं नव्हतं. ज्या पदावर लोक उत्तराची वाट बघत असतात, तिथे बसून ‘यातून काही सांगता येत नाही’ असं लिहायला धीर लागतो.

शब्दांच्या बाबतीतही ते काटेकोर होते. रोजच्या हवामानाच्या अंदाजासाठी इंग्रजीत जो शब्द रूढ होता, तो हंगामाच्या अंदाजाला लावणं त्यांना पटेना. त्यांनी त्यासाठी वेगळा, सौम्य शब्द निवडला, ज्याचा अर्थ पूर्वछाया असा होतो. म्हणजे येणाऱ्या गोष्टीची सावली दिसते, चेहरा नाही.

यूट्यूबवर तारखेसकट पाऊस सांगणारे बरेच असतात. अमुक नक्षत्रात अमुक दिवशी अमुक तालुक्यात, तेही दोन महिने आधी. मी त्यांची परीक्षा वॉकर यांच्या पद्धतीने घेतो: बरोबर आलेले अंदाज मोजायचे, आणि चुकलेलेही. चुकलेल्यांचा हिशेब कुणी देत नसेल तर तो अंदाज नाही, नाणेफेक आहे.

मद्रासचा एक कारकून

फेब्रुवारी १९१३ मध्ये वॉकर मद्रासला गेले होते. तिथल्या पोर्ट ट्रस्टमध्ये त्यांना एका तरुण कारकुनाच्या गणिताच्या वह्या दाखवण्यात आल्या. वॉकर यांनी मद्रास विद्यापीठाला पत्र लिहून शिफारस केली की या मुलाला नोकरीच्या कामातून मोकळं करून फक्त गणित करू द्यावं. त्या वर्षी मे महिन्यापासून त्याला दरमहा ७५ रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली. तो कारकून म्हणजे श्रीनिवास रामानुजन. त्यांना पुढे आणण्यात केंब्रिजच्या हार्डींचा वाटा मोठा आहेच, पण सरकारी यंत्रणेतल्या एका बड्या अधिकाऱ्याने योग्य वेळी टाकलेला हा शब्द विसरण्यासारखा नाही.

समुद्राचा झोका

आकड्यांच्या त्या ढिगाऱ्यातून एक गोष्ट कसोटीला उतरून वर आली. प्रशांत महासागरावर हवेचा दाब वाढला की हिंदी महासागराच्या बाजूला, आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंत, तो घटतो. पुढे हे उलटं होतं. जत्रेतल्या झोक्याचं एक टोक वर गेलं की दुसरं खाली येतं, तसं. १९२३-२४ च्या आसपास त्यांनी याला नाव दिलं ‘सदर्न ऑसिलेशन’, दक्षिणी आंदोलन. हिंदी महासागराच्या बाजूला दाब कमी असतो तेव्हा भारतात पाऊस बरा होण्याकडे कल असतो.

विचार करा, चिखल्याच्या बांधीतलं पाणी आणि दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याजवळच्या समुद्रावरचा दाब यांचं नातं शिमल्यातल्या कारकुनांच्या कागदावर सापडलं.

हे का होतं, ते मात्र वॉकर यांना सांगता आलं नाही. समुद्राच्या पाण्याच्या तापमानाच्या पुरेशा नोंदीच तेव्हा नव्हत्या. १९२४ साली ते निवृत्त झाले, सर झाले, लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात हवामानशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि १९३४ पर्यंत तिथे राहिले. ४ नोव्हेंबर १९५८ ला, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, ते गेले. त्यांनी दिलेली अंदाजाची सूत्रं तोपर्यंत ढिली पडायला लागली होती. जुन्या वर्षांत दिसलेली नाती नव्या वर्षांत तेवढी टिकत नव्हती. त्यांच्या मृत्युलेखात असा सूर होता की यातून जगाच्या हवामानाचा काही सिद्धांत उभा राहील ही आशा फळाला येताना दिसत नाही.

नेमक्या त्याच सुमाराला, १९५७-५८ मध्ये, प्रशांत महासागरात मोठा एल निनो झाला. एल निनो म्हणजे मध्य आणि पूर्व प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा गरम होणं. या वेळी त्याच्या चांगल्या नोंदी हाती आल्या. जेकब बर्कनेस या शास्त्रज्ञांनी त्या अभ्यासल्या आणि १९६० च्या दशकात दाखवून दिलं की वॉकर यांचा हवेच्या दाबाचा झोका आणि एल निनो ही एकाच गोष्टीची दोन अंगं आहेत. विषुववृत्तावर पूर्व-पश्चिम फिरणाऱ्या हवेच्या त्या चक्राला १९६९ मध्ये त्यांनी नाव दिलं: वॉकर सर्क्युलेशन. वॉकर यांना जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती.

शिमला ऑफिस, पुणे

पुण्यात शिवाजीनगरला ‘सिमला ऑफिस’ नावाचा चौक आहे. शिमल्याचं काही तिथे दिसत नाही, मग हे नाव कसं? १९२८ मध्ये हवामान खात्याचं मुख्यालय शिमल्याहून पुण्याला आलं, आणि लोकांनी नवीन इमारतीला जुन्या गावाचं नाव देऊन टाकलं. आज खात्याचं मुख्यालय दिल्लीत आहे, पण हंगामी अंदाजाचं काम पुण्यातच चालतं.

वॉकर यांची पद्धत इथे बरीच पुढे गेली. १९८८ मध्ये वसंत गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १६ घटकांवर आधारलेलं मॉडेल आणलं, ते अनेक वर्षं गाजलं. मग २००२ मध्ये अंदाज सामान्य पावसाचा होता आणि प्रत्यक्षात पाऊस सरासरीच्या ८१ टक्केच झाला. मॉडेल बदलावं लागलं. आता आकडेवारीच्या जोडीला समुद्र आणि हवा एकत्र चालवून बघणारी मॉडेल सुपरकॉम्प्युटरवर चालतात. मे २०२५ मध्ये पुण्याच्या आयआयटीएम संस्थेने तयार केलेली भारत फोरकास्ट सिस्टीम सुरू झाली. ती देशाचे सुमारे ६ किलोमीटरचे चौकोन पाडून हिशेब करते. आधी हे चौकोन १२ किलोमीटरचे होते.

एल निनोचं सांगायचं तर तो म्हणजे दुष्काळाचा शिक्का नाही. १९९७ चा एल निनो अतिशय तीव्र होता, तरी भारतात पाऊस सरासरीच्या १०२ टक्के झाला. २००९ मध्ये मात्र एल निनोच्या वर्षी तो ७८ टक्क्यांवर आला. शक्यता वाढते, खात्री होत नाही.

आता नकाशा उघडा

हवामान खात्याचं ‘मौसम’ ॲप किंवा वेबसाइट उघडा आणि एकेक बघा.

*एप्रिलचा टक्का.* हा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांचा, अख्ख्या देशाचा आकडा असतो. सरासरी म्हणजे १९७१ ते २०२० चा दीर्घकालीन आकडा, ८७ सेंटीमीटर. ९६ ते १०४ टक्के म्हणजे सामान्य, ९० च्या खाली म्हणजे तूट. २०२३ चं उदाहरण घ्या. अंदाज ९६, प्रत्यक्षात ९४. अंदाज जवळपास बरोबर! पण त्यात जुलै ११३ टक्के होता आणि ऑगस्ट ६४ टक्के, १९०१ पासूनचा सर्वात कोरडा ऑगस्ट. हंगामाचा टक्का बरोबर येऊनही धानाची बांधी सुकू शकते, ती अशी.

*शक्यतेचा रंगीत नकाशा.* टक्क्यासोबत एक नकाशा येतो. त्यात सरासरीहून जास्त, सरासरीइतका आणि सरासरीहून कमी अशा तीन शक्यता असतात. काहीच माहीत नसेल तर प्रत्येकीला साधारण ३३ टक्के. ज्या भागात मॉडेलला एका बाजूचा कल दिसतो तिथे रंग भरतात. जमिनीवर पांढरं दिसलं तर तिथे पाऊस नाही असं समजू नका. तिन्ही शक्यता सारख्याच आहेत, कल सांगता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. वॉकर यांना हा पांढरा रंग आवडला असता.

*इशाऱ्याचा नकाशा.* हिरवा म्हणजे इशारा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारंगी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे आता कृती करा. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे जोरदार, ११५.६ पासून अति जोरदार आणि २०४.४ च्या वर अत्यंत जोरदार. एक मिलिमीटर म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर. एका एकरावर १० मिलिमीटर पडला तर सुमारे ४० हजार लिटर पाणी.

*झालेल्या पावसाचा नकाशा.* इथे भलेभले गडबडतात. या नकाशात लाल म्हणजे पाऊस कमी झाला, सरासरीपेक्षा २० ते ५९ टक्के कमी. पिवळा म्हणजे त्याहूनही कमी. हिरवा सामान्य, निळा जास्त. म्हणजे इशाऱ्याच्या नकाशात लाल दिसला की पुराची भीती, आणि या नकाशात लाल दिसला की दुष्काळाची. फॉरवर्ड करण्याआधी नकाशाचं शीर्षक आणि खालची रंगांची पट्टी वाचाच.

*शब्द.* मराठी बातमीपत्रातले ‘तुरळक ठिकाणी’, ‘काही ठिकाणी’, ‘बऱ्याच ठिकाणी’, ‘बहुतांश ठिकाणी’ हे शब्द सहज वापरलेले नसतात. त्या भागातल्या केंद्रांपैकी अनुक्रमे २५ टक्क्यांपर्यंत, ५० पर्यंत, ७५ पर्यंत आणि त्याहून जास्त केंद्रांवर पाऊस, असा त्यांचा अर्थ आहे. तुरळक ठिकाणी जोरदार असं लिहिलं असेल आणि तुमच्या वावरात थेंब पडला नसेल, तरी अंदाज चुकला असं नाही.

*दाबाचा नकाशा.* गोलसर रेषा दिसतात त्या सारख्या दाबाच्या जागा जोडतात. मध्ये कमी दाबाचं क्षेत्र असतं आणि आपल्या गोलार्धात वारा त्याभोवती घड्याळाच्या उलट फिरतो. बंगालच्या उपसागरात असं क्षेत्र तयार होऊन ओडिशा, छत्तीसगडकडे सरकलं की आमच्याकडे बांध्या नीट करून ठेवायची वेळ. पावसाळ्यात अशा क्षेत्राच्या नैऋत्य बाजूला पाऊस सर्वात जास्त पडतो, आणि ते छत्तीसगडवर असताना पूर्व विदर्भ बरोबर त्या बाजूला येतो.

*वरच्या अंगाचा जिल्हा.* फक्त आपला जिल्हा बघून फोन ठेवू नका. ऑगस्ट २०२० च्या शेवटी वैनगंगेला महापूर आला आणि भंडारा शहरात पाणी शिरलं. त्यातलं बरंचसं पाणी मध्य प्रदेशात पडलेल्या पावसाचं आणि तिथल्या धरणातून सोडलेलं होतं. म्हणून पावसाळ्यात मी भंडाऱ्यासोबत सिवनी आणि बालाघाटचे रंगही बघतो.

*किती दिवस आधी?* तीन-चार दिवसांचा अंदाज बऱ्यापैकी भरवशाचा. आठवड्यानंतरचा फक्त कल समजा. वादळी पाऊस आणि विजेसाठी तीन तासांचा तात्कालिक अंदाज बघा. वीज जवळपास पडतेय का हे ‘दामिनी’ ॲप सांगतं. रोवणीच्या दिवसांत चिखलात उभं असताना ते खिशात असू द्या. शेतीच्या सल्ल्यासाठी ‘मेघदूत’ आहे.

तुमच्या आवाजातला वॉकर

शेवटी मोबाईलवाल्यांसाठी एक खास गोष्ट. आधीच्या आकड्यांवरून पुढचा आकडा कसा काढायचा, याचं एक समीकरण वॉकर यांनी १९३१ मध्ये मांडलं. त्याआधी उडनी यूल यांनी त्यावर काम केलं होतं, म्हणून त्याला यूल-वॉकर समीकरणं म्हणतात. फोनवर बोलताना आवाज दाबून छोटा करून पाठवण्याच्या तंत्रात हेच गणित येतं. आवाजाचा पुढचा क्षण आधीच्या क्षणांवरून ओळखायचा आणि फक्त फरक पाठवायचा, असा तो हिशेब. आवाजाची पुढची लाट फार जवळची असते, म्हणून तिथे ते छान जमतं. पुढचा पावसाळा फार लांबचा असतो, त्यात अख्खा समुद्र येतो.

वॉकर भारतात आले ते दुष्काळ आधी ओळखता यावा म्हणून. वीस वर्षांनी परत गेले तेव्हाही ते काम पुरं झालं नव्हतं, आणि तसं त्यांनी कधी भासवलंही नाही. येत्या एप्रिलमध्ये टक्क्याची बातमी आली की तिच्यासोबतचा शक्यतेचा नकाशा शोधून बघा. आपला उपविभाग रंगीत आहे की पांढरा, ते पाहा. रंगीत असेल तर कोणत्या बाजूचा आणि किती गडद. मग रोवणीच्या तारखेचं मात्र एप्रिलमध्ये ठरवू नका. त्यासाठी जूनमध्ये रोज सकाळी जिल्ह्याचा पाच दिवसांचा अंदाज बघा.